उतरंडीला जनुकांचा टेकू?

२०२५ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका जनुक-चाचणी कंपनीच्या जाहिराती झळकल्या. आपले सर्वोत्तम बाळ जन्माला घाला, असा त्यांचा रोख होता. कृत्रिम गर्भधारणेसाठी प्रयोगशाळेत तयार झालेल्या भ्रूणांची जनुकीय चाचणी करायची, कोणते भ्रूण पुढे किती उंच होईल, त्याचा बुद्ध्यांक किती असेल, त्याला कोणत्या आजारांचा धोका आहे याचे अंदाज आईवडिलांपुढे ठेवायचे आणि त्यातले एक त्यांनी निवडायचे, असा हा व्यवसाय. अमेरिकेत त्यावर बरीच टीका झाली. जुन्या मुंबईकरांना मात्र रेल्वेच्या डब्यातली अशी जाहिरात नवी वाटणार नाही. १९८० च्या दशकात आज काही शे रुपये खर्च करा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती लोकल गाड्यांत उघडपणे लावल्या जात होत्या. त्या जाहिरातींचे पुढे काय झाले हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. म्हणूनच जनुकांच्या या नव्या बाजाराकडे अमेरिकेतल्या श्रीमंतांचे चोचले म्हणून पाहून चालणार नाही.

जनुकीय तंत्रज्ञान आणि विषमता हा विषय निघाला की भीतीचे एक ठरलेले चित्र रंगवले जाते. प्रिन्स्टन विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ ली सिल्व्हर यांनी १९९७ मध्ये ‘रीमेकिंग ईडन’ या पुस्तकात ते मांडले होते. पैसेवाले आपल्या मुलांच्या जनुकांत सुधारणा करून घेतील, बाकीचे निसर्ग देईल ते स्वीकारतील आणि काही पिढ्यांनंतर मानवजातीचे दोन तुकडे होतील, असे ते चित्र. त्यावर चित्रपट निघाले, परिसंवाद झाले. पण या भविष्यकथनाच्या नादात आज जे घडते आहे त्याकडे दुर्लक्ष होते. विषमता वाढण्याचा धोका खरा आहे. तो येण्याची वाट मात्र निराळी आहे.

आधी विज्ञान काय सांगते ते पाहावे. उंचीसारखा साधा, फूटपट्टीने मोजता येणारा गुणही एखाद्या जनुकाच्या हाती नसतो. ५० लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. उंचीशी संबंधित १२ हजारांहून अधिक जनुकीय फरक त्यात सापडले. एवढे सगळे एकत्र करूनही युरोपीय वंशाच्या लोकांमधील उंचीच्या तफावतीपैकी सुमारे ४० टक्केच तफावत उलगडता आली. इतर वंशांच्या बाबतीत हे प्रमाण १० ते २० टक्क्यांच्या आसपास घसरले. बुद्धिमत्तेचे प्रकरण तर याहून कितीतरी गुंतागुंतीचे. १२ हजार ठिकाणी कात्री चालवून मूल उंच करणे कोणत्याही प्रयोगशाळेला आज शक्य नाही. उरतो तो भ्रूण निवडण्याचा मार्ग. ‘सेल’ या नियतकालिकातील २०१९ च्या एका अभ्यासाने त्याचाही हिशेब मांडला आहे. उपलब्ध भ्रूणांपैकी सर्वाधिक गुणांकाचे भ्रूण निवडले, तरी सरासरी फायदा होतो तो अडीच सेंटीमीटर उंचीचा किंवा अडीच बुद्ध्यांकाचा. आणि तोही अनुकूल परिस्थितीत.

हे अडीच सेंटीमीटर एका दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवायला हवेत. १८९६ ते १९९६ या शंभर वर्षांत जन्मलेल्या दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. कोणाच्याही जनुकाला हात न लावता हे घडले. पोटभर अन्न, स्वच्छ पाणी, लसीकरण, बाळंतपणातील काळजी आणि शाळा यांनी ते घडवले. महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके वयाच्या मानाने बुटकी, म्हणजे वाढ खुंटलेली आढळली. या मुलांच्या जनुकांत जी उंची आहे, तीच त्यांच्या वाट्याला येत नाही. नंदुरबार किंवा मेळघाटातल्या बालकाची उंची आणि त्यासोबत आकलनशक्तीही ज्या कारणाने कमी पडते, ते कारण त्याच्या ताटात आणि त्याच्या आईच्या आरोग्यात आहे. मुलांचे वर्धन करण्याचा सर्वांत खात्रीचा आणि सर्वांत स्वस्त उपाय समाजाला केव्हाचाच माहीत आहे.

मग जनुकांच्या या बाजाराची चिंता करण्याचे कारण काय? पहिले कारण किमतीचे आहे आणि त्यासाठी भविष्यात डोकावण्याची गरज नाही. क्रिस्पर या जनुकीय कात्रीवर आधारलेल्या ‘कॅसजेव्ही’ या पहिल्या उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. तो उपचार सिकलसेल आजारावरचा आहे. रुग्णाच्याच मूळ रक्तपेशी बाहेर काढायच्या, त्यांत बदल करून गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होईल अशी व्यवस्था करायची आणि त्या पेशी शरीरात परत सोडायच्या, अशी ही पद्धत. अमेरिकेतील तिची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. त्याच दिवशी मान्यता मिळालेल्या दुसऱ्या जनुकोपचाराची किंमत ३१ लाख डॉलर होती. इस्पितळातला मुक्काम आणि केमोथेरपीचा खर्च वेगळा.

सिकलसेलचे रुग्ण कोण आहेत, हे पाहिले की या आकड्यांचा अर्थ कळतो. हा आजार जगात प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांना आणि भारतात प्रामुख्याने आदिवासींना होतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, अमरावती, नंदुरबार या जिल्ह्यांत घराघरांत त्याची ओळख आहे. विदर्भातील अनेक दलित आणि ओबीसी कुटुंबांनाही तो सोडत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. तपासणी होते, कार्ड मिळते. पण वेदनेचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सीयुरिया ही स्वस्त आणि जुनी गोळी जवळच्या आरोग्य केंद्रात अखंड मिळत राहणे, हीच आजही अनेक रुग्णांची गरज आहे. या आजारावर जनुकसंपादनाचा पहिला यशस्वी उपचार निघाला आणि तो जगातल्या बहुसंख्य सिकलसेल रुग्णांच्या आवाक्याबाहेरच राहिला. आजाऱ्याला बरे करणाऱ्या तंत्राचीच ही कथा असेल, तर धडधाकट मुलाला अधिक सरस बनवणारे तंत्र आधी कोणाच्या दारात जाईल हे वेगळे सांगायला नको.

किंमत ही आकाशातून पडत नाही, हेही इथेच नोंदवले पाहिजे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधनातून साकारलेल्या ‘नेक्सकार १९’ या रक्तकर्करोगावरील उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल करणाऱ्या याच धर्तीच्या उपचाराला अमेरिकेत तीन-साडेतीन कोटी रुपये पडतात. भारतात तो ४० लाखांच्या आसपास उपलब्ध झाला. ही रक्कमही सामान्य कुटुंबाला परवडणारी नाही. पण सार्वजनिक पैशातून संशोधन झाले की किंमत किती खाली येऊ शकते, हे त्यातून दिसले. सिकलसेलवरही दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने स्वदेशी क्रिस्पर उपचार विकसित केला असून त्याला बिरसा मुंडा यांचे नाव दिले आहे. त्याच्या उत्पादनासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी २०२५ मध्ये करार झाला. हा उपचार रुग्णांपर्यंत कोणत्या दराने आणि कोणत्या योजनेतून पोहोचतो, यावर या क्षेत्रातील भारताची खरी परीक्षा होईल.

दुसरे कारण उपचार आणि वर्धन यांच्यातील सीमारेषेचे. कागदावर ती ठळक दिसते. आजार बरा करणे म्हणजे उपचार आणि निरोगी माणसाला अधिक उंच, अधिक हुशार करणे म्हणजे वर्धन. व्यवहारात ती सरकत जाते. वाढीच्या संप्रेरकाचे उदाहरण बोलके आहे. पूर्वी ते मृतदेहांच्या ग्रंथींतून काढावे लागे. त्यामुळे ज्या मुलांच्या शरीरात ते तयारच होत नाही, त्यांनाही जेमतेम पुरे. १९८५ मध्ये जैवतंत्रज्ञानाने तयार केलेले संप्रेरक बाजारात आले आणि टंचाई संपली. २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोणताही आजार नसलेल्या, पण अतिशय बुटक्या मुलांसाठीही त्याला परवानगी दिली. कित्येक वर्षे टोचून घेतलेल्या इंजेक्शनांतून मिळते ती काही सेंटीमीटरची वाढ. औषध तेच राहिले, ‘आजारा’ची व्याख्या बदलली. २०१८ मध्ये चीनमध्ये हे जियानकुई या संशोधकाने जुळ्या मुलींच्या भ्रूणांत जनुकसंपादन केले. वडील एचआयव्हीबाधित होते, हे त्याचे समर्थन होते. परंतु शुक्राणू धुण्याच्या रुळलेल्या पद्धतीने भ्रूणाला होणारा संसर्ग टाळता येत होता. निरोगी भ्रूणांना जास्तीची प्रतिकारशक्ती देण्याचा तो प्रयत्न होता, म्हणजे वर्धनच. त्या संशोधकाला तीन वर्षांची कैद झाली. त्या मुलींच्या जनुकांतील बदल मात्र कायमचे आहेत आणि त्यांच्या पुढच्या पिढीतही उतरू शकतात.

तिसरे कारण स्पर्धेचे आहे. कुस्तीच्या फडात पुढच्या रांगेतले प्रेक्षक उठून उभे राहिले की मागच्यांनाही उभे राहावे लागते. कोणालाच अधिक काही दिसत नाही. पाय मात्र सगळ्यांचे दुखतात आणि ज्याला उभे राहता येत नाही त्याला काहीच दिसत नाही. शिकवण्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने हे अनुभवले आहे. डॉक्टर-इंजिनीअर होण्यासाठी लाखालाखाच्या शिकवण्या काही जणांनी लावल्या आणि बघता बघता ती सगळ्यांचीच सक्ती झाली. शेत गहाण टाकून फी भरणारा बाप हौसेने ती भरत नाही. आपले मूल मागे पडेल ही धास्ती त्याच्याकडून ती भरून घेते. उद्या भ्रूणनिवडीतून अडीच गुणांचा फायदा होतो अशी नुसती समजूत पसरली, तरी तोच खेळ गर्भधारणेपासून सुरू होईल. फायदा खरा असण्याचीही गरज नाही; जाहिरात खरी वाटली की पुरे.

आणि भारताच्या बाबतीत चौथे एक कारण आहे, ज्याचा विचार पाश्चात्त्य चर्चेत फारसा होत नाही. सिल्व्हर यांच्या भाकितातल्यासारखे दोन वेगळे वर्ग तयार व्हायचे, तर त्या वर्गांनी आपापसातच लग्ने करत राहायला हवे. मुक्तपणे विवाह होणाऱ्या समाजात जनुके दर पिढीत पिसली जातात आणि कोणाचीही मक्तेदारी टिकत नाही. भारतात मात्र बंदिस्त विवाहांचे यंत्र तयारच आहे. हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१३ मध्ये जनुकीय पुराव्यांच्या आधारे दाखवून दिले, की सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत या उपखंडातील समूहांची एकमेकांत सरमिसळ होत होती; त्यानंतर ती थांबली आणि आपापल्या जातीतच लग्न करण्याची प्रथा घट्ट झाली. आजही आंतरजातीय विवाहांचे प्रमाण देशात ५ टक्क्यांच्या घरात आहे. जातीची उतरंड धर्मग्रंथांच्या आधाराने टिकवली गेली, मग ‘गुणवत्ते’च्या भाषेत तिचे समर्थन झाले. तिला आता प्रयोगशाळेच्या अहवालाचा टेकू मिळाला, तर ते नवल ठरणार नाही. उंच, गोरी, सुस्वरूप अशा अटींच्या यादीत जनुकीय गुणांकाची भर पडायला कितीसा वेळ लागेल? सिकलसेलची वाहक आहे एवढ्यावरून मुलीचे स्थळ नाकारले जाते. वाहकाला स्वतःला आजार नसतो, हे समजावून सांगूनही. जनुकीय माहिती विवेकाने कशी वापरावी हे जो समाज अजून शिकतो आहे, त्याच्या हाती ती बाजारामार्गे पडणार आहे.

गर्भलिंगनिदानाचा इतिहास इथे आठवायचा तो यासाठी. १९७० च्या दशकाच्या मध्यात भारतात गर्भजल परीक्षा आली ती गर्भातील जनुकीय दोष शोधण्यासाठी. हेतू वैद्यकीय होता, संस्था नामांकित होत्या. काही वर्षांतच ती मुलगी आहे की मुलगा हे सांगण्याचे साधन बनली. मुंबईतील स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांच्या चळवळीमुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मधील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ इतकी घसरली. बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. ‘लॅन्सेट’मधील २०११ च्या अभ्यासानुसार, पहिली मुलगी असलेल्या कुटुंबांतील दुसऱ्या अपत्यांमध्ये मुलींचे प्रमाण अधिक शिकलेल्या आणि अधिक सधन घरांत जास्त घसरले. तंत्रज्ञानाने पूर्वग्रह निर्माण केला नव्हता. जो होता त्याला हात-पाय दिले, आणि ते आधी पैसेवाल्यांना दिले.

यावर एक प्रतिवाद नेहमी केला जातो आणि तो हलका नाही. प्रत्येक नवे तंत्र आधी महागच असते. मोबाइल फोन पाहा, पुढे तो सर्वांच्या खिशात आला, असे त्याचे स्वरूप. माणसाचा पहिला जनुकीय आराखडा वाचायला अब्जावधी डॉलर लागले होते. आज ते काम हजार डॉलरच्या आत होते. हे खरेच आहे. पण तंत्र स्वस्त होणे आणि ते गरिबापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८६ मध्ये मुंबईत टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती परळच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात. सार्वजनिक रुग्णालयात रुजलेले ते तंत्र पुढे जवळजवळ पूर्णपणे खासगी दवाखान्यांकडे गेले. मूल होत नाही म्हणून दागिने मोडणारी जोडपी आज गावोगावी आहेत. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ही सेवा मोफत सुरू केली, म्हणजे सरकारने ठरवले तर ते करता येते. ते ठरवायला चार दशके का लागावीत, हा प्रश्न जनुकोपचारांबाबत आजच विचारायला हवा.

भारतात या विषयावर कायदे अगदीच नाहीत असे नाही. मानवी बीजपेशी आणि भ्रूणांच्या जनुकांत वंशपरंपरेने उतरणारे बदल करण्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. सहायक प्रजनन तंत्रज्ञानासंबंधीच्या २०२१ च्या कायद्यानुसार भ्रूणाची जनुकीय तपासणी ज्ञात आनुवंशिक आजारांसाठीच करता येते. उंची किंवा बुद्ध्यांक त्यात बसत नाही. परंतु भ्रूणाची जनुकीय माहिती ही संगणकातली एक फाइल असते. ती परदेशी कंपनीकडे पाठवून गुणांक मागवायला सीमा ओलांडावी लागत नाही. सोनोग्राफी यंत्रांची नोंद ठेवता आली, फाइलींची कशी ठेवणार? दुसरी उणीव भेदभावाबाबतची. अमेरिकेत आरोग्य विमा आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास २००८ पासून कायद्याने बंदी आहे. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, जनुकीय आजार म्हणून विम्याचा दावा सरसकट नाकारणे भेदभावाचे असल्याचा निर्वाळा दिला. संसदेचा असा स्वतंत्र कायदा मात्र अजून नाही.

करण्याजोग्या गोष्टी त्यामुळे स्पष्ट आहेत. भ्रूणांच्या गुणांकाची जाहिरात आणि विक्री, मग ती देशी असो की परदेशी, लिंगनिदानाच्या जाहिरातीइतकीच दखलपात्र ठरवावी. जनुकीय माहितीवरून विमा, नोकरी आणि शिक्षण यांत भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा आणावा. सार्वजनिक पैशातून निघालेल्या जनुकोपचारांचे करार करतानाच किमतीची मर्यादा आणि सरकारी रुग्णालयांचा वाटा ठरवून घ्यावा. उपचार बाजारात आल्यावर सवलतीची याचना करण्यात अर्थ नसतो. आणि यादीत कोण आधी, याचे उत्तर आजाराच्या ओझ्यावरून द्यावे. त्या हिशेबाने सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे रुग्ण पहिले येतात.

जनुकांचे विज्ञान मुळात समतेच्या विरोधात नाही. पिढ्यान्‌पिढ्या वेदना सोसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला एका उपचारात मोकळे करण्याचे सामर्थ्य त्याच्यात आहे. तेच विज्ञान मूठभरांच्या मुलांना अडीच गुण जास्त मिळवून देण्याच्या कामाला जुंपायचे की कसे, हा निर्णय शास्त्रज्ञ घेत नाहीत. तो सरकारे घेतात, बाजार घेतो आणि गप्प राहून समाजही घेतो. लोकलमधल्या त्या जाहिरातींवर बंदी येईपर्यंत मुलींच्या जन्माचे गणित बिघडायला सुरुवात झाली होती. या वेळी जाहिरात अजून दुसऱ्याच शहराच्या रेल्वेत आहे, एवढीच सवड हाताशी आहे.